दोन वाट्यांची सावली

डॉक्टरसाहेबांनी हिराच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि मला जवळ बोलावलं. मी पुढं झालो, टाचा जुळवल्या आणि बघितलं. काळ्या फिल्मवर बरगड्यांचे पट्टे. डाव्या अंगाला वरपासून पांढरं, नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं. आणि खांद्याच्या हाडापाशी दोन गोल ठिपके.

ते ठिपके मी लगेच ओळखले. मंगळसूत्राच्या वाट्या. फोटो काढताना ते उतरवून ठेवा म्हणून फोटोवाल्यानं तिला नाना परीनं सांगितलं होतं. हिरा ऐकेना. "मालक जित्ता हुबा हाय भाईर, आन् मी गळा मोकळा करू?" शेवटी त्यानं कंटाळून ते एका बाजूला खांद्याकडं सरकवून घेतलं आणि यंत्र चालू केलं.

"फोटो लय झ्याक आलाय, साहेब," मी म्हणालो. "वाट्यासुदिक दिसत्यात. आन् हे डावं अंग तर उजव्यापरास सोच्छ हाय."

डॉक्टर माझ्याकडं वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "काळं दिसतं तिथं हवा आहे. ते निरोगी. पांढरं दिसतं तिथं रोग आहे."

मी पुन्हा बघितलं. डावं अंग जवळजवळ सगळं पांढरं होतं.

"ट्युबरक्युलोसिस," ते म्हणाले. म्हणजे टीबी, म्हणजे क्षय. त्या पांढऱ्याच्या मधे एक काळा खळगा होता, तो त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवला. कॅव्हिटी. रोगानं फुप्फुस खाऊन केलेली पोकळी. मी मनात म्हटलं, बरं झालं आपण त्या खळग्याचं कौतुक केलं नाही.

हिरा बाहेर बाकावर बसली होती. साहेब काय म्हणाले म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, "फोटो चांगला आलाय." त्यात खोटं काही नव्हतं.

ज्यांच्या घरात असा खोकला आज शिरला असेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही, तेवढं माझ्याजवळ नाही. मी कुठं कुठं आपटलो ते सांगतो, म्हणजे तुम्ही निदान दुसरीकडं आपटाल.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. पावसानं तोंड दाखवलं तर बाजरी, नाहीतर शेरडं-मेंढरं. मी पलटणीत होतो आणि लढाईत ब्रह्मदेशाच्या डोंगरात गेलो होतो. हे ऐकल्यावर माणसं आदरानं सरकून बसायला जागा देतात, म्हणून पुढचं मी सहसा सांगत नाही. मी लढाईत खेचरं सांभाळली. त्यांना चारा घालायचा, त्यांच्या पायांना पट्ट्या बांधायच्या आणि त्यांच्या लाथा खायच्या. शत्रूचं तोंड मी पाहिलं नाही. खेचराची मागची बाजू फार पाहिली.

लढाई संपली आणि मी घरी आलो. कुसुम नऊ वर्षांची झाली होती, दत्तू पाचाचा. हिरा खोकत होती. धुरानं, ती म्हणाली. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. दिवसभराच्या कामानं, ती म्हणाली. मग एके दिवशी भाकरी थापताना तिनं हात वर केला आणि बांगड्या कोपरापर्यंत घरंगळल्या. "बांगड्या सैल झाल्याती," ती म्हणाली. सैल झालेली वस्तू तिच्या नजरेतून कधी सुटायची नाही. खाटेची सुंभं, दाराची कडी, पोरीची वेणी, माझं बोलणं.

मी निदान केलं. पलटणीत ताप म्हणजे हिवताप, दुसरा ताप आम्हाला शिकवलेलाच नव्हता. येताना पिवळ्या गोळ्यांची बाटली आणली होती, त्या मी तिला नेमानं चारल्या. हिरा हळूहळू पिवळी झाली. शेजारची चिंगूकाकू विचारायला लागली, "काय गं हिरे, दुसऱ्यांदा हळद लागली व्हय?" मी सांगत फिरलो, औषध अंगी लागतंय. ताप तसाच राहिला.

थुंकीत लाल धागा दिसला तेव्हा मात्र आम्ही साताऱ्याला निघालो. मोटार कोळशाच्या धुरावर चालणारी. घाट लागला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. हिराला मी आत बसवून ठेवलं आणि मागून ढकलत राहिलो. मागच्या काचेतून ती माझ्याकडं बघून हसत होती, आणि हसली की खोकत होती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि फक्त एवढंच म्हणाले, "सांगलीला न्या. उशीर करू नका." सातारा रोडला जाऊन आम्ही रेल्वे धरली.

तो फोटो निघाला त्या सांगलीबाहेरच्या क्षयाच्या इस्पितळाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आमच्यासाठी होतं ते सगळं केलं. माझी फजिती झाली ती माझी मीच करून घेतलेली आहे.

बेड रेस्ट, डॉक्टर म्हणाले. म्हणजे अंथरुणावर पडून राहायचं. वर्षभर, कदाचित जास्त. उठायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हसायचंसुद्धा नाही, कारण हसण्यानं फुप्फुसाला श्रम होतात. घरच्यांना रविवारी एक तास भेट. लहान मुलांना आत मनाई.

मी तिथंच उभा राहिलो. गावाकडं जाऊन काय करणार? डॉक्टरांनी माझ्या उभं राहण्याकडं बघितलं असावं. विचारलं, शाळा किती? मी म्हटलं, सातवी पास, आणि साताऱ्याला इंग्रजीच्या दोन इयत्ता. वडील गेले तेव्हा शाळा सुटली. ते म्हणाले, "आमच्याकडं पुरुषांसाठी नर्सिंगचा वर्ग आहे. तीन वर्षांचा. लष्करातून आलेली माणसं आम्हाला हवीच आहेत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन वर्षं मी इथंच राहीन, हिराच्या उशाशी. तिला औषध देईन, ताप मोजीन, तिची चादर बदलीन. सरकार मला बायकोची सेवा शिकवणार.

डॉक्टरांनी मग नियम सांगितले. पुष्कळ सांगितले. प्रत्येक नियमाला मी "जी साहेब" म्हणालो. पलटणीत साहेब बोलायचा थांबला की जी साहेब म्हणायचं असतं. कळलं की नाही हे मागाहून, बराकीत, एकमेकांत विचारायचं. साहेबालाच विचारणारा माणूस आठवडाभर लीद काढतो. मी इतक्या वर्षांत साहेबाला एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता.

पोरांना माझ्या थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं ठेवलं आणि मी इस्पितळाच्या बोर्डिंगात आलो. पहिल्या दिवशी पांढरा कोट मिळाला. मी तो घातला, केसांना पाणी लावलं, आणि थर्मामीटर हातात उभा धरून थेट बायकांच्या वॉर्डात शिरलो. हिराच्या कॉटपाशी जाऊन टाचा जुळवल्या.

वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी एकदम पदर ओढले. हिरानं पांघरुणात तोंड घातलं. आतून म्हणाली, "आवं, जावा की भाईर. समद्या बाया बघत्यात."

"ड्यूटीवर हाय मी," मी म्हणालो.

मागून सिस्टर मार्थाबाई आल्या. नगरकडच्या होत्या, उंच, आणि त्यांच्या चपलांचा आवाज कधी यायचा नाही. "कुठली ड्यूटी? पुरुष विद्यार्थी पुरुषांच्या वॉर्डात. बायकांच्या वॉर्डात त्यांनी पाऊल टाकायचं नाही. साहेबांनी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. मी जी साहेब म्हटलं होतं.

पांघरूण हलत होतं. हिरा आत हसत होती, आणि मग खोकायला लागली, आणि मला बाहेर काढण्यात आलं. ती मला तेव्हा रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तर असं झालं. बायकोची सेवा करायची म्हणून मी शाळेत नाव घातलं, आणि बाप्या माणसांची थुंकीची भांडी धुवायला लागलो. तुम्हाला पहिली गोष्ट सांगायची ती ही. डॉक्टर बोलायचे थांबले की मान हलवू नका. विचारा. मूर्खासारखं वाटलं तरी विचारा. मूर्ख तर आपण आहोतच, ते लपवून काही वाचत नाही.

माझ्याबरोबरची पोरं सतरा-अठराची होती. माझ्या मिशा बघून त्यांनी मला पहिल्या दिवसापासून मामा म्हणायला सुरुवात केली. इंग्रजी शब्द ती एकदा वाचून पाठ करायची. मी एक शब्द पाठ करायचो तेव्हा आदला विसरायचो. कुसुम तिकडं आक्काकडं तिसरीत, मी इकडं पहिल्या वर्षाला. बापलेकीत पुढं कोण आहे हे सांगायची सोय नव्हती.

पहिला धडा बेड मेकिंगचा. म्हणजे अंथरूण घालणं. मी मनात हसलो. आमच्याकडं अंथरूण घालणं म्हणजे घोंगडं झटकून टाकणं. इथं चादरीला उजवी-उलटी बाजू होती, मधली घडी कॉटच्या मधोमध यायला हवी होती, आणि पायथ्याचा कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली असा खोचायचा की त्यावर रुपया आपटला तर उडाला पाहिजे. माझ्या कोपऱ्यावर रुपया पडला की तिथंच झोपायचा.

त्यापुढचा धडा अवघड. रोगी कॉटवर असताना, त्याला न उठवता, त्याच्या खालची चादर बदलायची. माझा पहिला रोगी बाळगोंडा अण्णा. कृष्णाकाठचा जैन शेतकरी, वयानं माझ्या वडिलांइतका, गुडघ्याच्या हाडात टीबी. मी चादर ओढली आणि अण्णा चादरीबरोबर आले. आमच्या वॉर्डाच्या सिस्टरनी झेललं म्हणून बरं. गुडघ्याला पट्टी बांधायला सांगितली तेव्हा मला धीर आला, कारण पट्टी बांधणं मला येत होतं. मी ब्रह्मदेशातली बांधली, नडगीपासून वर, तिढा देऊन, चिखलातसुद्धा सुटणार नाही अशी. अण्णांनी पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गड्या," ते म्हणाले, "चारा कवा टाकतुस?"

पुढं कित्येक महिने सगळा वॉर्ड सकाळी माझ्याकडं चारा मागत होता.

पुरुषांच्या वॉर्डाचा व्हरांडा आणि बायकांच्या वॉर्डाचा व्हरांडा समोरासमोर होते, मधे अंगण आणि दोन लिंबाची झाडं. मोकळी हवा हेच तेव्हा औषध, म्हणून कॉट सकाळीच बाहेर ओढत. हिराची कॉट झाडांच्या मधल्या फटीत बरोबर यायची. ती दिवसभर पडून माझं काम बघायची. सिस्टर दुरून बघतात त्याची मला कधी भीती वाटली नाही. हिरा बघते याची वाटायची.

रविवारच्या तासाला मी पाहुणा म्हणून जायचो. स्टुलावर बसायचं, कॉटला हात लावायचा नाही. ती वाटच बघत असायची.

"त्या म्हाताऱ्याची चादर वढली का म्हाताऱ्याला वढलं?"

"चादर."

"मग म्हातारा का वरडला?"

"खूश झाला आसंल."

"आन् काल दुपारी दोन कॉटा सोडून तिसरीचा कोपरा लोंबत हुता. मला हितनं दिसला. तुमच्या सिस्टरबाईला न्हाई दिसला व्हय?"

अशी माझी परीक्षा दर रविवारी व्हायची. ती बोलत होती तोवर मला वाटायचं, एवढं ज्याला दिसतं ते माणूस बरं होणारच.

मग डॉक्टरांनी ए.पी. करायचं ठरवलं. आर्टिफिशियल न्यूमोथोरॅक्स. बरगड्यांच्या मधून सुई घालायची आणि फुप्फुसाच्या बाहेरच्या फटीत हवा भरायची. त्या हवेनं फुप्फुस मिटतं, त्याला विसावा मिळतो, पोकळी बुजते. पुष्कळांना त्यानं गुण आलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. आमच्या वॉर्डात हवा भरून घेतलेले लोक एकमेकांना सायकली म्हणायचे.

हिराच्या फटीत हवा शिरेना. दुसऱ्या जागेवरून बघितलं. तिसऱ्या जागेवरून. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "अॅडहीजन्स आहेत. फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलं आहे. हवा भरायला जागाच नाही."

मी पहिल्यांदा साहेबाला प्रश्न विचारला. "आता?"

"आता विश्रांती. दूध. अंडी." मग त्यांनी चष्मा काढला. "अमेरिकेत एक नवीन इंजेक्शन निघालं आहे म्हणतात. आपल्याकडं यायला वेळ लागेल."

किती वेळ, हा दुसरा प्रश्न होता. तो मी विचारला नाही. एका दिवसात एकच जमला.

दिवाळीनंतर आक्का पोरांना घेऊन आली. आत मनाई होती, म्हणून मी त्यांना लिंबाखाली उभं केलं. सिस्टरनी हिराच्या पाठीला उशा लावल्या. अंगणाच्या त्या बाजूला ती, या बाजूला पोरं. दत्तूनं हात हलवला आणि मग माझा कोट ओढून विचारलं, "आई कंची?" व्हरांड्यात सगळ्या बायका सारख्याच दिसत होत्या. मी त्याचं बोट धरून दाखवलं.

हिरानं कुसुमला हातानं खूण केली, वळ. कुसुम वळली. हिरानं तिची वेणी बघितली. मग माझ्याकडं बघून मूठ आवळून दाखवली. घट्ट घालायला सांगा.

मी आक्काला सांगितलं. आक्का म्हणाली, "घट्टच घातली हुती गं बाय, मोटारीत सुटली." ते हिराला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. आक्का तरीही लिंबाखाली उभी राहून तिकडंच तोंड करून बोलत होती.

आता वर्गातली गोष्ट. ही मी फार जणांना सांगितलेली नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला शिकवणाऱ्या डॉक्टरांनी छातीचे फोटो वर्गात आणले. नावं झाकलेली असत. फोटो उजेडाला धरायचे आणि एकेकाला उभं करून विचारायचे, काय दिसतं. दोन झाले, तीन झाले. चौथा धरला आणि मी खांद्याच्या हाडापाशी दोन गोल ठिपके बघितले.

फोटो नवा होता. पांढरं आता फक्त डाव्या अंगाला नव्हतं. उजव्या अंगाच्या वरच्या भागातही कापसाच्या बोंडांसारखं फुटलं होतं. वाट्या मात्र तशाच, त्याच जागी. दुसऱ्या वेळीही तिनं काढलं नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्या शेजारच्या पोराला उभं केलं. लोणंदचा होता, हुशार, मला इंग्रजी शब्द तोच पाठ करून घ्यायचा. तो खणखणीत आवाजात सांगायला लागला. डाव्या बाजूला मोठी कॅव्हिटी. दोन्ही फुप्फुसांत पसरलेला रोग. फार अॅडव्हान्स्ड केस.

"प्रॉग्नोसिस?" डॉक्टरांनी विचारलं. म्हणजे पुढं काय होणार.

"आशा नाही, सर."

"बरोबर. बसा."

पोरगं खूश होऊन बसलं आणि मला कोपरानं ढोसलं. त्याला काही माहीत नव्हतं, आणि त्याचं उत्तर खरंच बरोबर होतं. मला माझी पाळी येण्याची भीती वाटत राहिली. माझी पाळी आली नाही.

त्या रविवारी हिरानं विचारलं, "वर्गात काय शिकवलं?"

"फोटो दावलं. छातीचं."

"कुनाचं?"

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिचा हात गळ्यापाशी गेला, वाट्या बोटात धरल्या.

"मग काय म्हनाली पोरं?"

"म्हनली, फोटो झ्याक आलाय."

"लय खोटं बोलाय शिकलासा तुमी हितं." ती थोडा वेळ दम खात राहिली. मग म्हणाली, "तुमी पास व्हा. मला बरं करायला शिकताय आसं मनात आनू नगा. ते ऱ्हायलं. पोरास्नी पास झाल्याला बाप तरी ऱ्हाऊ द्या."

त्या रात्री बोर्डिंगात मी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून शब्द पाठ करायला लागलो.

उन्हाळ्यात, एका दुपारी, बायकांच्या व्हरांड्यातून सिस्टर मार्थाबाईंनी मला हाक मारली. नावानं, मोठ्यानं. असं त्या कधी करत नसत. मी अंगण ओलांडलं. हिमॉप्टिसिस, फुप्फुसातून रक्त पडणं. खोकल्याबरोबर पुष्कळ पडलं होतं, आता थांबलं होतं. डॉक्टर बघून गेले होते. दुसरी नर्स वॉर्डाच्या टोकाला दुसऱ्या एका बाईपाशी अडकली होती. चादर बदलायची होती, आणि त्याला दोन माणसं लागतात.

"येतं ना तुम्हाला?" सिस्टरनी विचारलं.

मी जी सिस्टर म्हणालो नाही. म्हणालो, "येतं."

ज्यांना हे करावं लागेल त्यांच्यासाठी सांगतो. रोग्याला आपल्याकडं हळू वळवायचं, एक हात खांद्यावर, एक कमरेवर. दुसऱ्या माणसानं मागून मळलेली चादर लांबट गुंडाळत त्याच्या पाठीपर्यंत न्यायची. स्वच्छ चादर निम्मी पसरायची, निम्मी गुंडाळीला लावून ठेवायची. मग त्या गुंडाळ्यांवरून रोग्याला पलीकडं वळवायचं. अशा वेळी त्याच्या तोंडाकडं बघायचं, चादरीकडं नाही. मी तिला वळवलं तेव्हा हातात काही आलंच नाही. ओला कपडा उचलताना हाताला जितकं वजन लागतं तितकंसुद्धा नाही.

तिला बोलायला सक्त मनाई होती. ती बोलली नाही. सिस्टरनी मळलेली चादर काढून घेतली, मी स्वच्छ ओढली, मधली घडी मधोमध आणली, उशाकडचे कोपरे खोचले, पायथ्याचे खोचले. सरळ उभा राहिलो.

हिरानं पांघरुणावरचं बोट उचललं आणि पायथ्याकडं दाखवलं. डावा कोपरा.

सिस्टर वाकल्या. "सैल आहे," त्या म्हणाल्या.

मी सोडला, पुन्हा दुमडला, पुन्हा खोचला. या खेपेला गुडघा गादीला लावून ओढला. तिनं बघून घेतलं आणि डोळे मिटले. तेवढी एकच वेळ मी माझ्या बायकोची नर्स होतो, आणि त्यात तिनं चूक काढली.

नंतर थोडेच दिवस गेले. मी अण्णांची चादर बदलत होतो. सिस्टर मार्थाबाई अंगण ओलांडून आल्या आणि लिंबापाशी थांबल्या. हाक मारली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. मी कोपरा हातात धरलेला होता, तो खोचून पुरा केला. अण्णांनी तिकडं बघितलं.

"जा रं गड्या," ते म्हणाले. "म्या कुटं पळून जातुया?"

गावाकडून आक्का आली, चिंगूकाकू आली. मेलेल्या माणसाला कसं स्वच्छ करायचं, कसं सरळ निजवायचं, हे मला वर्गात शिकवलेलं होतं. पण सवाष्ण गेलेली, तिला न्हाऊ घालणं, हिरवं लुगडं नेसवणं, ओटी भरणं हे बायांचं काम. इस्पितळाचा नियम होता तोवर इस्पितळानं मला बाहेर ठेवलं, आणि तो संपल्यावर आमच्याच माणसांनी ठेवलं. कोणाचं काही चुकलं नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो. आक्कानं बाहेर येऊन विचारलं, "मंगळसूत्र काडू का? कुसुमला हुईल." मी म्हणालो, "फोटोला काडलं न्हवतं तिनं. आता कशाला?" ते तिच्याबरोबर गेलं.

मी पास झालो. बेड मेकिंगमध्ये पहिला आलो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. तिसऱ्या वर्षाला असताना ते इंजेक्शन सांगलीत आलं, स्ट्रेप्टोमायसिन. टीबीच्या जंतूंवर चालणारं पहिलं औषध. मेढ्याकडची एक बाई, आमच्या माणमधली एक, हिरापेक्षा फार बऱ्या नव्हत्या. चालत घरी गेल्या. पुरुषांच्या वॉर्डात त्या सुया मीच दिल्या. माणसं हात जोडतात, मामा, तुमच्या हातानं गुण आला म्हणतात. मला आनंद होतो असं इथं लिहायला पाहिजे. मी सुई उकळायला टाकतो आणि पुढच्या कॉटकडं जातो.

तुमच्या घरी कोणी असेल तर इंजेक्शन घ्या, उशीर करू नका, पिवळ्या गोळ्यांवर विसंबू नका. एवढं तर कोणीही सांगेल. माझ्यापाशी त्याहून वेगळं असं एकच आहे. रोगी बोलू शकत असेल तोवर त्याला तुमच्या कामात चुका काढू द्या. दुसरं काही त्याच्या हातात राहिलेलं नसतं. सिस्टर मार्थाबाईंचा मी ऋणी आहे, त्या दुपारी त्यांनी मला हाक मारली म्हणून. नियमात बसणारं नव्हतं ते.

कुसुमची वेणी मी घालायला शिकलो. पहिल्यांदा खेचराच्या शेपटीसारखी झाली. आता घट्ट होते.

इस्पितळानं मला पुढं नवीन पोरांना शिकवायला ठेवून घेतलं. शिकवायचे फोटो एका लाकडी पेटीत असतात, त्यात तोही आहे. नाव झाकलेलं. तो पेटीतून काढून टाकावा असं मला कधी वाटलं नाही. दर वर्षी मी तो खिडकीच्या उजेडासमोर धरतो आणि सांगतो, काळं म्हणजे हवा, पांढरं म्हणजे रोग. एकेकाला उभं करतो. पोरं हुशार असतात, कॅव्हिटी दाखवतात, उजव्या अंगाची बोंडं दाखवतात. आणि कोणीतरी हमखास खांद्याच्या हाडावर बोट ठेवतो.

"मामा, हितं दोन दिसत्यात. गोल."

"ते रोगाचं न्हाई."

"पर पांढरं हाय की."

"असू दे," मी म्हणतो. "ते सोड. बाकीचं सांग."